तीर्थरक्षक वीरचंद राघवजी गांधी

श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव घेताच शिकागोची १८९३ ची सर्वधर्मपरिषद आठवते. परंतु त्यापूर्वी त्यांनी दोन तीर्थांसाठी दिलेला कायदेशीर लढा समाजाच्या विस्मरणात जाऊ नये, म्हणून हा अल्प परिचय.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस झाले.

त्यांच्यापुढे पहिला प्रश्न आला तो शत्रुंजयाचा. पालिताणाचे ठाकूर प्रत्येक यात्रेकरूकडून दोन रुपये कर घेत. पालिताणा हे संस्थान. तेथे मुंबईच्या न्यायालयाचा अधिकार चालत नसे. दाद मागायची ती काठियावाडच्या पोलिटिकल एजंटकडे आणि मुंबई सरकारकडे. हे ओळखून वीरचंदभाईंनी कर्नल वॉटसन व गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यापुढे समाजाची बाजू मांडली. १८८६ साली करार होऊन यात्रेकरूंवरील कराऐवजी वार्षिक १५,००० रुपये, चाळीस वर्षांसाठी, असे ठरले. ही रक्कम म्हणजे दोन रुपयांच्या दराने केवळ ७,५०० यात्रेकरूंचा कर! शिवाय वाटेवर यात्रेकरूला अडविणे थांबले, हा लाभ पैशात मोजता येणारा नाही.

दुसरा प्रसंग सम्मेदशिखरजीचा. तेथे एका इंग्रजाने डुकरांच्या चरबीचा कारखाना काढला. हा प्रदेश ब्रिटिश अंमलाखालील बंगाल इलाख्यात, म्हणून येथे मार्ग न्यायालयाचा होता. खालच्या न्यायालयात अपयश आले, तरी वीरचंदभाई खचले नाहीत. ते कलकत्त्यास जाऊन राहिले आणि जुने दस्तऐवज स्वतः वाचता यावेत म्हणून बंगाली भाषा शिकले. अखेर वरिष्ठ न्यायालयात यश मिळून पवित्र पर्वतावरील ती हिंसा थांबली.

७ ऑगस्ट १९०१ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. पालिताणाचा करार १९२६ साली संपताच वाद पुन्हा उभा राहिला. समाजाने यात्राच बंद ठेवली आणि १९२८ मध्ये वार्षिक ६०,००० रुपयांवर तडजोड झाली. तीर्थरक्षण एका पिढीत संपत नाही, हेच यातून दिसते.

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपणही एक संकल्प करावा. मंदिराचे शिखर उजळताना कपाटातील दानपत्रे, करार व सनदाही जपाव्यात आणि त्या वाचू शकणारी तरुण मंडळी घडवावीत. श्रद्धेला पुराव्याची जोड देणाऱ्या या धर्मवीरास विनम्र वंदन.