पाचशे रुपयांचे माणिक

सतराव्या शतकात सुरतेहून गोवळकोंड्याकडे निघालेला व्यापारी औरंगाबादमार्गे नांदेडला पोहोचत असे. येथे गोदावरी ओलांडताना गाडीमागे कर भरावा लागे. या वाटेची नोंद करून ठेवणारा प्रवासी होता फ्रेंच जवाहिऱ्या ज्याँ बाप्तिस्त टॅव्हर्निये.

त्याचा जन्म 1605 मध्ये पॅरिसला झाला. वडिलांचा व्यवसाय नकाशांचा, त्यामुळे दूरदेशांची ओढ लहानपणीच लागली. 1668 पर्यंत त्याने पूर्वेकडे सहा मोठे प्रवास केले. रत्ने विकत घ्यायची आणि राजेरजवाड्यांना विकायची, हा त्याचा धंदा. फसलो तर नुकसान आपलेच, हे ठाऊक असल्याने त्याची नजर तीक्ष्ण झाली.

हिऱ्यांच्या खाणींवर त्याने कारागिरांचे काम जवळून पाहिले. खडा स्वच्छ असला तर वजन घटू नये म्हणून त्याला फारसे घासत नसत. आत डाग किंवा चीर असली तर मात्र अंगभर पैलू पाडत, म्हणजे दोष नजरेआड होई. लाल ठिपका असला तर खडा भाजून तो काळा करत, कारण व्यापाऱ्यांना लालपेक्षा काळा ठिपका चालत असे. रत्नांवर प्रक्रिया करण्याची कला ही अशी जुनी आहे. हिऱ्यातली निळसर झाक ओळखायला दाट झाडाच्या हिरव्या सावलीत खडा धरावा, हेही त्याने नोंदवले.

नोव्हेंबर 1665 मध्ये औरंगजेबाचे जवाहीर त्याला हातात घेऊन पाहता आले. मोगल दरबारातली एक हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. औरंगजेबाच्या नात्यातील सरदार जाफरखानाने बादशहाला नजर करण्यासाठी मोठी किंमत मोजून एक लाल रत्न घेतले. दरबारात एक वृद्ध पारखी होता. त्याचे पूर्वीचे पद गेलेले होते. त्याने खडा पाहून सांगितले की हे ते रत्नच नव्हे, याची किंमत पाचशे रुपयांहून जास्त नाही. इतरांनी विरोध केला. मग औरंगजेबाने खडा आग्र्याला पाठवला, ज्याला त्याने स्वतः कैदेत टाकले होते त्या आपल्या वडिलांकडे. शाहजहानइतका रत्नांचा जाणकार दुसरा नव्हता. त्याचेही उत्तर तेच आले. विकणाऱ्याला खडा परत घ्यावा लागला.

टॅव्हर्नियेने भारतातून नेलेला मोठा निळा हिरा फ्रान्सच्या चौदाव्या लुईने घेतला. पुढे पुन्हा कापला गेलेला तो हिरा आज ‘होप’ नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचा निळा रंग बोरॉन या मूलद्रव्याच्या अल्प अंशामुळे आहे. आज साध्या हिऱ्यालाही किरणोत्साराने निळा करता येते आणि डोळ्यांना फरक कळेलच असे नाही. टॅव्हर्नियेला सरदारकी मिळाली, 1676 मध्ये प्रवासवर्णन छापले गेले. वयाची ऐंशी उलटल्यावर तो पुन्हा निघाला आणि 1689 मध्ये मॉस्कोत वारला.

त्या हकिकतीची आठवण मला रुग्णालयात होते. ऑपरेशनचा खर्च समोर आला की नातेवाईक आजीचे दागिने घेऊन धावतपळत सराफा गाठतात. जो विकत घेणार, तोच किंमत सांगतो. आजारात आपण दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो, तसेच दागिन्याचेही घ्यावे. ज्याला तो घ्यायचाही नाही आणि विकायचाही नाही, अशा मूल्यांककाकडून किंमत लेखी घ्यावी. शक्यतो घरात निकड नसतानाच हे करून ठेवावे.

हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल काही सांगत नाही. माणिक आणि नीलम तापवून रंग खुलवतात, पाचूच्या चिरांत तेल भरतात, हलक्या माणकात शिसेयुक्त काच भरतात. प्रक्रिया करणे हा गुन्हा नव्हे, लपवणे ही फसवणूक आहे. काच भरलेल्या माणकाची किंमत नैसर्गिक माणकाच्या तुलनेत नगण्य असते आणि लिंबाच्या रसानेही त्यातली काच खराब होऊ शकते. तेल भरलेला पाचू गरम पाण्यात धुवू नये. महाग खडा घेताना त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, हे बिलावर लिहून मागावे आणि दुकानाशी संबंध नसलेल्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा.

बादशहालाही दुसरे मत लागले, आणि ते त्याने कैदेतल्या बापाकडून मागवले. आपल्याला ते मागायला संकोच कशाला वाटावा?