आऊसाहेब

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावाहून मावळतीच्या दिशेने प्रवास करीत गेले, म्हणजे पुढे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा हे गाव लागते. मुलूख तसा एकच. तीच काळी जमीन, तीच ज्वारी-कापसाची शेते. या गावात लखुजी जाधवरावांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार अजून उभे आहे. दरवर्षी १२ जानेवारीस येथे लोकांची मोठी दाटी होते, कारण १५९८ साली याच दिवशी या वाड्यात जिजाबाईंचा जन्म झाला असे मानतात.

शिवाजी महाराजांच्या मातोश्री म्हणून जिजाबाई सर्वांना ठाऊक आहेत. रामायण-महाभारतातील कथा सांगून त्यांनी लहानग्या शिवबाला घडविले, हे शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून मुले ऐकत आलेली असतात. परंतु त्या आजीही होत्या, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक त्यांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे एका पोरक्या नातवाच्या संगोपनात गेली. ज्या वयात माणसे विसावा शोधतात, त्या वयात त्यांनी पुन्हा एकदा आईची जागा घेतली.

त्यांच्या वाट्याला आलेली दुःखे पाहिली, तर हे किती कठीण होते याची कल्पना येते. लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांच्याशी जिजाबाईंचा विवाह त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झाला. दोन्ही घराणी शूर. पण दक्षिणेतील राजकारण असे चंचल होते, की माहेर आणि सासर कधी एका छावणीत असत, तर कधी समोरासमोर. लेकीला माहेराचा आधार कसा तो उरला नव्हता. त्यातच १६२९ साली निजामशहाच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, लखुजी जाधवराव आणि त्यांची मुले यांची दगाबाजीने हत्या झाली. पिता आणि भाऊ एकाच दिवशी गेले. त्या वेळी जिजाबाई गर्भवती होत्या. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरी किल्ल्यावर शिवरायांचा जन्म झाला. याच सुमारास दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला, आणि अन्नावाचून गावेच्या गावे ओस झाली.

जिजाबाईंना सहा मुले झाली, असे सांगतात. त्यांपैकी जगले ते दोघेच. थोरले संभाजी आणि धाकटे शिवाजी. पुढे निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. थोरला मुलगा वडिलांजवळ बंगळूरला राहिला, धाकटा आईजवळ पुण्याच्या जहागिरीत आला. संसाराचे असे दोन तुकडे झाले. पुणे त्या वेळी नावालाच उरले होते. आदिलशाही फौजेने ते जाळून त्यावरून गाढवाचा नांगर फिरविला होता. पळालेली कुळे परत बोलाविणे, त्यांना अभय देणे, पडीक जमिनी लागवडीस आणणे ही कामे दादोजी कोंडदेव आणि इतर कारभारी यांच्या साहाय्याने जिजाबाईंच्या नजरेखाली झाली. कज्जेखटले त्यांच्यापुढे येत आणि त्यांचा निवाडा लोक मानीत. रयत त्यांना आदराने आऊसाहेब म्हणू लागली. आऊ म्हणजे आई. हे नाव कोणी फर्मान काढून दिलेले नव्हते.

थोरला मुलगा मात्र त्यांना अंतरला. १६५५ च्या सुमारास कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात संभाजीराजे पडले. अफजलखानाने त्यांना वेळेवर मदत केली नाही, असा समज मराठ्यांमध्ये होता. लेकाचे अंत्यदर्शनही आईला घडले नाही.

त्यानंतर १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर शिवरायांच्या राणी सईबाई यांना पुत्र झाला. बाळाला गेलेल्या चुलत्याचे नाव ठेवण्यात आले: संभाजी. घरात हरपलेल्या माणसाचे नाव नव्या जिवाला देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ते नाव घेऊन त्या बाळाला हाक मारताना आऊसाहेबांच्या मनात काय येत असेल, हे ज्याच्या घरी अशी आजी आहे त्याला सांगावे लागणार नाही.

सईबाईंची प्रकृती बाळंतपणापासून ढासळली. बाळाला अंगावर पाजणे त्यांना शक्य होईना. तेव्हा कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे या शेतकरी स्त्रीला दूधआई म्हणून आणण्यात आले. एका राजपुत्राचे पोषण एका कुणबिणीच्या दुधावर झाले. आजीने त्यात कमीपणा मानला नाही, आणि धाराऊंच्या घराण्याचा मान पुढेही राखला गेला. औषधोपचार चालूच होते, पण गुण आला नाही. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंनी देह ठेवला. मागे मुली आणि सव्वादोन वर्षांचा संभाजी अशी मुले पोरकी झाली.

आऊसाहेबांचे वय त्या वेळी एकसष्ट होते. शोक करायलाही सवड नव्हती. अफजलखान मोठी फौज घेऊन स्वराज्यावर चालून आला होता, आणि शिवराय त्याला तोंड देण्यासाठी प्रतापगडाकडे गेले होते. एका बाजूला मांडीवर आईवेगळे मूल, दुसऱ्या बाजूला मुलाच्या जिवावरचे संकट. १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला. पण स्वस्थता लाभली नाहीच. दुसऱ्या वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि शिवराय चार महिने त्यात अडकले. वेढा फोडण्यासाठी स्वतः फौज घेऊन निघण्याची तयारी आऊसाहेबांनी केली होती, असे कवींद्र परमानंदांनी शिवभारत या संस्कृत काव्यात वर्णिले आहे. बासष्ट वर्षांची आजी, कडेवर नातू, आणि मनात घोडदळाचे बेत! शेवटी नेताजी पालकर त्या कामगिरीवर गेले. शिवराय पन्हाळ्याहून सुटले ते १३ जुलै १६६० च्या रात्री, बाजीप्रभूंच्या बलिदानाने.

संभाजी आजीच्या छायेत वाढू लागला. गडावरच्या त्या घरात सावत्र आया होत्या, बहिणी होत्या, नोकरचाकर होते. परंतु मुलाची खरी ओढ आजीकडे असावी यात नवल नाही. वडील सदा मोहिमेवर. घोड्यावर बसणे, शस्त्र चालविणे यांबरोबर त्याला संस्कृत विद्याही मिळाली. त्याने पुढे बुधभूषण हा संस्कृत ग्रंथ रचला. तलवारीच्या धामधुमीत वाढलेल्या मुलाच्या हाती लेखणीही आली, याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या घराला दिले पाहिजे, आणि ते घर आऊसाहेबांचे होते.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजे मृत्यू पावले. वार्ता कळताच जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. शिवरायांनी त्यांच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी मारून त्यांना परावृत्त केले, असे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. चौतीस वर्षांचा पराक्रमी राजा लहान मुलासारखा आईला अडवू लागला. घरात तेव्हा सात वर्षांचाही न झालेला नातू होता. एकदा आई गमावलेल्या त्या मुलाची आजीही गेली असती, तर त्याला कोण उरले असते? आऊसाहेब राहिल्या.

परंतु आता नातवालाच दूर धाडण्याची वेळ आली. १६६५ च्या जून महिन्यात मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, आणि तहाची अंमलबजावणी होईपर्यंत आठ वर्षांच्या संभाजीला मोगलांच्या छावणीत जाऊन राहावे लागले. सरदारीचे नाव होते, पण खरे पाहता मूल ओलीस होते. ते परत येते न येते तोच पुढील वर्षी आग्ऱ्याला जाण्याचे ठरले. मार्च १६६६ मध्ये शिवराय संभाजीसह राजगडावरून निघाले. जाताना राज्याचा कारभार त्यांनी मातोश्रींच्या हाती सोपविला. मोरोपंत पिंगळे, निळोपंत, अण्णाजी दत्तो हे कारभारी त्यांच्या हाताशी होते.

आऊसाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत बिकट काळ हाच म्हणावा लागेल. मे महिन्यात औरंगजेबाच्या दरबारात अपमान झाला आणि पितापुत्रांवर चौक्या बसल्या. आग्रा शेकडो कोस दूर; बातमी जासुदाच्या पायांनी यायची, तीही आली तर. उरलेला एकुलता एक मुलगा आणि हाताखांद्यावर वाढविलेला नातू, दोघेही एकाच वेळी शत्रूच्या पिंजऱ्यात. अडुसष्ट वर्षांच्या या वृद्धेने अंथरूण धरले असते, तरी कोणी दोष दिला नसता. पण गडांवरचे पहारे ढिले पडले नाहीत, वसुली थांबली नाही, सरदारांत फूट पडली नाही. राजा नसताना राज्य जागच्या जागी राहिले. कित्येक लढाया जिंकण्यापेक्षा ही गोष्ट कमी नव्हे.

१७ ऑगस्ट १६६६ रोजी शिवराय आग्ऱ्याहून निसटले. लहान मुलाला बरोबर घेऊन दौडत येणे धोक्याचे होते, म्हणून संभाजीला त्यांनी मथुरेस मोरोपंतांच्या नातलगांकडे ठेवले. शिवराय बैराग्याच्या वेषात राजगडावर आले आणि मातोश्रींच्या पाया पडले तेव्हा कोठे ओळख पटली, अशी कथा प्रसिद्ध आहे. राजे आले, नातू मात्र बरोबर नव्हता. मोगलांनी शोध सोडून द्यावा यासाठी संभाजी वाटेत वारला अशी हूलही उठविण्यात आली. खरे काय ते घरातील मोजक्या माणसांना ठाऊक, पण ठाऊक असले म्हणून काय झाले? मूल मोगलांच्या मुलखात होते आणि मध्ये सारा माळवा, नर्मदा, तापी पसरली होती. काही काळाने मथुरेच्या त्या ब्राह्मणांनी नऊ वर्षांच्या संभाजीला राजगडावर सुखरूप आणून पोहोचविले. तेव्हाच ती काळजी फिटली.

२४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावरच सोयराबाईंना पुत्र झाला. तो राजाराम. आऊसाहेबांना दुसरा नातू पाहायला मिळाला. पुढे राजधानी रायगडावर गेली. गडावरची थंड, बोचरी हवा वृद्धपणी त्यांना मानवेना. म्हणून महाराजांनी पायथ्याच्या पाचाड गावी त्यांच्यासाठी वाडा बांधून दिला. त्या वाड्याचे अवशेष आणि तेथील तक्क्याची विहीर आजही पाहावयास मिळते.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. शहात्तर वर्षांच्या आऊसाहेब तो सोहळा पाहण्यासाठी गडावर होत्या. ज्या मुलाचा जन्म पित्याच्या हत्येच्या दुःखात झाला, तो छत्रपती झाला. ज्याला त्यांनी आईविना वाढविले, तो सतरा वर्षांचा संभाजी युवराज म्हणून जवळ बसला. चार वर्षांचा राजारामही होता. सोहळ्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे आऊसाहेबांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

पुढे १८ मे १६८२ रोजी, पाचाडपासून फार दूर नसलेल्या माणगावजवळच्या गांगवली येथे, छत्रपती संभाजी महाराजांना पुत्र झाला. इतिहास त्याला शाहू या नावाने ओळखतो. त्याचे जन्मनाव मात्र शिवाजी असे ठेवण्यात आले होते.