विम्याची नोकरी गेली आणि त्याने राक्षसांची ताकद मोजायला घेतली

ठाकुर्लीहून सीएसएमटीला जाता-येता लोकलमध्ये मोबाईलवर ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ संपवणारे कमी नसतील. या सिरीजच्या पहिल्याच भागात चार पोरं तळघरात टेबलाभोवती बसलेली दिसतात. एक जण गोष्ट सांगतोय, तेवढ्यात डेमोगॉर्गन नावाचा राक्षस येतो आणि बाकीच्यांची पाचावर धारण बसते.

हा खेळ खरा आहे. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. आणि यातल्या राक्षसांना मापात बसवणारा माणूस होता गॅरी गायगॅक्स.

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. पुढे हे कुटुंब लेक जिनिव्हा या छोट्या गावात राहायला गेलं. गॅरीचं शाळेत मन रमलं नाही, त्यामुळे शिक्षण अर्धवटच सुटलं. नंतर तो शिकागोतल्या एका विमा कंपनीत लागला. कुणाला किती धोका आहे याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर हप्ता ठरवायचा, हे त्याचं काम.

सुट्टीत मात्र तो टेबलावर खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळायचा. १९६८ साली त्याने गावातला हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन अशा खेळवेड्यांचं संमेलनही भरवलं. तेच आजचं ‘जेन कॉन’.

१९७० मध्ये विम्याची नोकरी गेली. घरात बायको-पोरं होती, म्हणून तो बूट दुरुस्त करू लागला. पण खेळ काही सुटला नाही.

१९७२ च्या अखेरीस डेव्ह आर्नेसन नावाच्या गड्याने त्याला आपला खेळ दाखवला. त्यात अख्खं सैन्य नव्हतं, प्रत्येक जण एकच पात्र चालवत होता. गॅरीने तो उचलून धरला आणि नियम लिहून काढले. जानेवारी १९७४ मध्ये पहिल्या १००० प्रती बाजारात आल्या. त्या वर्षभराच्या आत संपल्या.

आता खरी अडचण बघा. समजा, ठाकुर्लीतल्या एखाद्या सोसायटीत चार मित्र हा खेळ खेळायला बसले. गोष्ट सांगणाऱ्याने पहिल्याच दारामागे ड्रॅगन ठेवला तर दहा मिनिटांत चौघांचा खेळ खल्लास. तासभर नुसती चिल्लर भुतंच पाठवली तर चौघं जांभया देणार. कुस्तीच्या मैदानात जोड चुकली की जी गत होते, तीच इथे.

गॅरीच्या नियमांत यावर साधे उपाय होते. पहिला उपाय म्हणजे जिना. भुयाराच्या जितक्या खालच्या मजल्यावर जाल, तितके राक्षस तगडे. त्यामुळे किती धोका पत्करायचा हे खेळणाऱ्यांनीच ठरवायचं. दुसरा उपाय डोकी मोजायचा. खेळणारे तीनपर्यंत असतील तर राक्षस ठरलेल्या संख्येने येणार, चार ते सहा असतील तर साधारण दुप्पट. तिसरा उपाय फाशांचा. प्रत्येक राक्षसाला ताकदीप्रमाणे फासे दिलेले, त्यावर पडेल तेवढा त्याचा जीव. १९७७ च्या त्याच्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये साडेतीनशेहून जास्त राक्षसांची अशी मापं आहेत.

आणि खेळणारे फारच तयारीचे निघाले तर? गॅरीचा मुलगा अर्नी आणि मित्र रॉब कुंट्झ यांची पात्रं अशीच भारी झाली होती. त्यांना टक्कर देण्यासाठी गॅरीने ‘टूम ऑफ हॉरर्स’ रचलं. त्यात राक्षस मोजकेच, सापळे मात्र पावलोपावली. १९७५ च्या एका स्पर्धेत ते खेळवलं, तेव्हा भले भले वीर त्यात गारद झाले. अवघड करायचं म्हणजे दरवेळी राक्षसाचं रक्त वाढवायलाच हवं असं नाही, जागा बदलली तरी पुरतं, हे त्यातून दिसलं.

खऱ्या आयुष्यात मात्र जोड जमली नाही. मानधनावरून आर्नेसनने १९७९ मध्ये कोर्टात खेचलं. हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, अशी ओरड ऐंशीच्या दशकात अमेरिकेत झाली. कंपनी कर्जात गेली आणि १९८५ मध्ये शेअरच्या खेळात तिचा ताबा गॅरीच्या हातून निसटला. कोर्टातही तो हरला आणि पुढच्या वर्षी आपल्याच कंपनीतून बाहेर पडला.

२००० साली नव्या मालकांनी खेळाची तिसरी आवृत्ती काढली. त्यात प्रत्येक राक्षसाला एक आकडा मिळाला. चौघांच्या टोळीची पातळी आणि हा आकडा जुळला की सामना रंगतदार होणार, असा हिशोब. आकडा नवा होता, पण राक्षस मोजायची सवय गॅरीचीच.

४ मार्च २००८ ला लेक जिनिव्हातच वयाच्या ६९ व्या वर्षी तो गेला. कंपनी हातून गेली तरी त्याने खेळणं सोडलं नव्हतं. शेवटच्या काळातही तो घरी लोकांना जमवून खेळवायचा.

आजही गोष्ट सांगणारा समोरच्यांचे चेहरे वाचतो. घाबरून गप्प झाले तर राक्षसाला जरा मागे सरकवतो, कंटाळलेले दिसले तर दुसरा दारात उभा करतो. राक्षस हरला काय आणि जिंकला काय, पुढच्या रविवारी सगळे परत टेबलावर आले म्हणजे माप बरोबर बसलं.