कन्हानच्या जमिनीचं पुस्तक पहिल्यांदा उघडणारा माणूस: स्टीफन हिस्लॉप

नागपूरकरांना हिस्लॉप म्हटलं की कॉलेज आठवतं. पण ज्याच्या नावाने ते कॉलेज आहे, तो माणूस कामठी-नागपूरच्या मातीत नेमकं काय शोधत फिरायचा, हे फार कमी जणांना माहीत असतं.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. ते पाद्री होते. 1845 च्या सुरुवातीला धर्मप्रसारासाठी ते आपल्या भागात आले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं आणि कन्हान नदीच्या काठी कामठीला इंग्रजांची छावणी होती. 1846 मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. मराठी शिकले, गोंडी भाषेचा अभ्यास केला.

मग दगडांचा नाद कुठून लागला?

1851 मध्ये नागपूरजवळच्या टाकळीला हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना खडकात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख सापडले. हा खडक लाव्हापासून बनलेल्या थरांच्या मधोमध होता. म्हणजे लाव्हा एकदाच वाहून थांबला नव्हता. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी तयार झाली होती, त्यात जीव नांदत होते. ही गोष्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची.

यानंतर ही जोडी थांबलीच नाही. नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावाजवळ बेडकाच्या दूरच्या नातेवाईकाची, म्हणजे एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. ती लंडनला गेली. 1855 मध्ये रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिलं. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंधही लंडनला छापून आला.

कन्हानकरांसाठी खरी गोष्ट पुढे आहे. कामठी, सिल्लेवाडा भागातल्या वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळाले. हे झाड 25 कोटी वर्षांहून जुनं. याच झाडांच्या जंगलांतून आपल्याकडचा कोळसा तयार झाला. आज वेकोलिच्या कामठी, इंदर, गोंडेगावच्या खाणींतून निघतो तोच. हीच पानं पुढे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही मिळाली आणि हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते, या विचाराला मोठा आधार मिळाला. त्या जुन्या महाखंडाचं नाव गोंडवाना. आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडलेलं.

4 सप्टेंबर 1863. हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना पावसाने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. चार दिवसांनी ते 46 वर्षांचे झाले असते.

गोंड समाजाबद्दलची त्यांची टिपणं अर्धवटच राहिली होती. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती गोळा करून 1866 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात गोंडांच्या लिंगो देवाची गाथाही आहे. 1883 मध्ये त्यांच्या नावाने कॉलेज सुरू झालं.

आता मुद्दा असा, की हे ज्ञान आपल्याच जमिनीचं होतं, पण कितीतरी वर्षं ते आपल्या हाताशी नव्हतं. नमुने लंडनला गेले, निबंध तिथल्या इंग्रजी जर्नलमध्ये राहिला.

आज तशी अडचण नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर आपल्या पारशिवनी तालुक्याखाली कुठला खडक आहे, ते फुकट पाहता येतं. टेंपल यांनी काढलेलं ते पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचता येतं. दोन्हीकडे मजकूर इंग्रजीत आहे, पण नकाशा वाचायला भाषा फारशी आडवी येत नाही.

हिस्लॉप यांना जे समजायला घोड्यावरून मैलोन्मैल फिरावं लागलं, त्याची सुरुवात आता हातातल्या मोबाइलवर होते. नकाशात आधी आपलं गाव शोधा आणि मग गावातल्या जुन्या विहिरीचा किंवा देवळाचा दगड एकदा जवळून बघा. आपण रोज कशावरून चालतो, ते कळेल.