वाऱ्याला आकडा देणाऱ्या ॲना मणी

हर्णे बंदरावर कधी गेलात तर एखाद्या जुन्या तांडेलाला वाऱ्याबद्दल विचारून बघा. पाण्यावर पांढरा फेस किती दिसतो, वारा कुठल्या गालाला लागतो, एवढ्यावर तो बोट काढायची की नाही ते ठरवतो. अंदाज बहुधा बरोबर असतो. पण तोच वारा रत्नागिरीच्या वाऱ्याशी ताडून बघायचा तर आकडाच लागतो. हवामान खात्याच्या निरीक्षण केंद्रांत हर्णेचंही नाव आहे. अशा केंद्रांच्या आकड्यांवर भरवसा ठेवता यावा म्हणून राबलेल्या एका बाईंची ही गोष्ट तुमच्या मुलांना जरूर सांगा.

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोरातल्या पीरमेडचा. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या आल्या, तर हिने त्याऐवजी विश्वकोश मागून घेतला. गंमत बघा, पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिने अभ्यास केला तो हिऱ्यांचाच! पाच शोधनिबंध झाले, प्रबंधही लिहून झाला. पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही, ती कधीच मिळाली नाही.

१९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या. शिकायचं होतं भौतिकशास्त्र, शिष्यवृत्ती मिळाली हवामानाच्या उपकरणांसाठी. १९४८ ला परत येऊन पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. त्या वेळी साधीसाधी उपकरणंही परदेशातून येत. ॲनांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथेच बनवण्याची घडी बसवली.

आता वाऱ्याचं बघू. वायुवेगमापकाच्या वाट्या वाऱ्याने गरगर फिरतात, फेऱ्यांवरून वेग कळतो. वातकुक्कुटाचं टोक वारा येतो त्या दिशेला वळतं. (पश्चिमेकडून येतो तो पश्चिमी वारा. मुलं इथे हमखास उलट सांगतात!) दिसायला सोपं आहे. पण खाऱ्या हवेने आस गंजला की वाट्या जड फिरतात आणि वेग कमी दिसतो. शेजारी झाड किंवा भिंत असली तरी आकडा फसतो. म्हणून उपकरण मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंच हवं आणि वेळोवेळी तपासलेलं हवं. चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, यावर ॲना ठाम होत्या.

त्याचं महत्त्व पवनऊर्जेत कळतं. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. वेग १० टक्के जास्त मोजला गेला, तर शक्तीचा हिशोब ३३ टक्क्यांनी फुगतो. पवनचक्की उभी राहते, वीज मात्र हिशोबाएवढी येत नाही.

१९७६ ला निवृत्त झाल्यावरही बाई थांबल्या नाहीत. बंगळूरला वारा आणि ऊन मोजणारी उपकरणं बनवणारा छोटा कारखाना काढला, देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदी जमवल्या. पवनचक्क्यांसाठी जागा शोधणाऱ्यांना त्याच नोंदी उपयोगी पडल्या. १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरमला त्या गेल्या.

आता स्वयंचलित केंद्रं आली, आकडे आपोआप पोचतात. वाट्या मात्र अजून बऱ्याच ठिकाणी तशाच फिरताना दिसतील.