चिक चॉकलेट : हळदोण्याचे कर्णेवादक

लग्नाच्या वरातीपुढे बँड चालतो, त्यात सर्वांत चढा सूर ज्या पितळी वाद्याचा असतो त्यास ट्रंपेट म्हणतात. आपल्या जुन्या कर्ण्याचेच ते सुधारलेले भावंड होय. सुमारे पाच फूट लांबीची नळी गुंडाळून हातभर केलेली असते व तीवर तीनच कळा असतात. बाकीचे सर्व काम वाजविणाराच्या ओठांवर व श्वासावर अवलंबून असते. कळ तीच दाबलेली असली, तरी ओठ किंचित सैल पडताच सूर ढळतो. म्हणून ह्या वाद्याच्या साधकास एक दिवसही आळस करून चालत नाही. ज्या पुरुषाने ह्या वाद्यावर आपला सारा जन्म वेचिला, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

आंतोनियो झेवियर वाझ ह्यांचा जन्म १९१६ साली गोव्यातील हळदोणे गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. तेथील गावोगावच्या चर्चला जोडून एक शाळा असे, आणि तीत मुलांस अक्षरांबरोबरच स्वरलिपीही शिकवीत. कागदावरील पाच रेघांवर मांडलेले ठिपके पाहून गाणे म्हणावयाचे किंवा फिडल वाजवावयाचे, हे शिक्षण शेतकऱ्याच्या मुलासही मिळे. उपासनेतील गायनासाठी दिलेली ही विद्या पुढे हजारो गोमंतकीयांस पोटास लावील, असे ती देणाऱ्या गुरुजींच्या मनातही आले नसेल. लहानग्या आंतोनियोचेही पहिले शिक्षण अशाच शाळेत झाले.

मुलाने यंत्रकाम शिकावे व प्रतिष्ठेची नोकरी धरावी, अशी त्याच्या आईची फार इच्छा होती. गोव्यात जमीन थोडी व खाणारी तोंडे पुष्कळ. अशा घरातील आईस बाजा वाजवून संसार चालेल असे वाटू नये, ह्यात नवल नाही. तिचे भय पोकळ नव्हते. परंतु मुलाचे चित्त संगीतावाचून कशातच रमेना. अखेर पोटाचा मार्ग शोधीत मुंबईस जाणाऱ्या असंख्य गोमंतकीयांच्या वाटेनेच तोही गेला.

त्या सुमारास, म्हणजे १९३५ नंतर, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे ताफे येऊ लागले होते. गुलामांच्या वंशजांनी घडविलेले जॅझ नावाचे संगीत त्यांनी येथे आणिले. त्यात लिहिलेले सूर जितके, तितकेच वादकाने ऐन वेळी मनाने रचलेलेही असतात. गोमंतकीय वादकांनी हे नवे वळण उत्सुकतेने उचलले. वाझ ह्यांनी लुई आर्मस्ट्राँग ह्या थोर अमेरिकन कर्णेवादकास मनोमन गुरू केले. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याची फुंक, त्याचा घोगरा आवाज, त्याची ढब ही सर्व त्यांनी इतकी आत्मसात केली की लोक त्यांस हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चिक चॉकलेट हे त्यांचे नाव रूढ झाले ते कायमचे. त्यांनी स्वतःचा वाद्यवृंदही उभारिला व पुढे ताजमध्ये त्याचे वादन होऊ लागले.

तथापि हॉटेलातील उत्पन्नाचा भरवसा नसे. स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आली. तिने कित्येक गरिबांची घरे सावरली हे खरे. पण हॉटेलांतील नाचगाण्याची रात्र मंदावली आणि पुष्कळ वादकांची मिळकत आटली. ह्या मंडळीस आधार मिळाला तो बोलपटांच्या वाद्यवृंदांचा.

येथे आपल्या मुलखाचा संबंध येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून गोदावरीच्या काठाने वर गेले असता पुणतांबे लागते. त्या गावी १९१८ साली जन्मलेले रामचंद्र चितळकर हे सी. रामचंद्र ह्या नावाने मोठे संगीतकार झाले. त्यांच्याजवळ चालींचा झरा होता, आणि चिक ह्यांच्याजवळ पाश्चात्त्य तालाचे व स्वरमेळाचे ज्ञान. मूळ चाल एकपदरी असे. कोणत्या वाद्याने कोठे उठावे, कोठे थांबावे, मुख्य स्वराखाली कोणता स्वर धरावा, हे सर्व कागदावर मांडून प्रत्येक वादकाच्या हाती द्यावे लागे. ध्वनिमुद्रण बहुधा गायक व वादक ह्यांचे एकदमच होई. एक जण चुकला की सर्वांस पुन्हा आरंभ करावा लागे. १९५० चा समाधी व १९५१ चा अलबेला ह्या चित्रपटांतील गाणी ह्या सहकार्याची फळे होत. अलबेला चित्रपटात तर चिक आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. पुढे मदन मोहन ह्या संगीतकारांचेही ते साहाय्यक होते.

परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जी गाणी देशभर घरोघरी पोहोचली, त्यांच्या वादकांची नावे चित्रपटाच्या आरंभी सहसा येत नसत. दिवसाची मजुरी घेऊन ती माणसे घरी जात. चिक ह्यांस १९५१ च्या नादान ह्यासारख्या थोड्या चित्रपटांत संगीतकार म्हणून मान मिळाला, पण त्यांच्या शेजारी बसून वाजविणाऱ्या शेकडो जणांस तेवढाही लाभला नाही. शेत एकाने नांगरावे व धान्याच्या पोत्यावर नाव दुसऱ्याचे पडावे, तसेच हे झाले.

१९६७ च्या मे महिन्यात, पन्नाशी नुकतीच उलटली असता, चिक चॉकलेट मुंबईत निवर्तले. आईस हवी होती तशी नोकरी त्यांनी कधीच केली नाही. तरी ज्या विद्येविषयी ती साशंक होती, तिच्याच बळावर त्यांनी संसार केला व नाव मिळविले.

खेड्यातील लहानशा शाळेत, सायंकाळच्या दिव्यापाशी, मुलांस सूर व ताल शिकविणाऱ्या बंधूंनी हे चरित्र ध्यानात ठेवावे. आपण पेरलेला दाणा कोणत्या शेतात उगवेल हे शिकविणारास दिसत नाही. हळदोण्याच्या गुरुजींसही ते दिसले नव्हते. पण त्यांनी मुलास पाच रेघा नीट वाचावयास शिकविल्या होत्या.