विनायक पांडुरंग करमरकर

विनायक पांडुरंग करमरकर ऊर्फ नानासाहेब करमरकर (जन्म : २ ऑक्टोबर १८९१, सासवणे, मृत्यू : १३ जून १९६७) हे मराठी शिल्पकार होते. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध कृती होय. त्यांच्या जन्मगावी त्यांचे राहते घर आता शिल्पसंग्रहालय झाले आहे.

बालपण व शिक्षण

करमरकरांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, समुद्रकाठच्या सासवणे या खेड्यात झाला. घरात मूर्ती घडविण्याची आवड होती, त्यामुळे माती हाताळण्याचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी घोड्यावर स्वार झालेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले आणि त्यांच्या साहाय्याने करमरकरांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळाला. तेथे त्या काळी सेसिल बर्न्स प्राचार्य होते. विद्यार्थिदशेत करमरकरांनी लॉर्ड मेयो पदक मिळविले.

कलकत्ता व युरोप

शिक्षण संपल्यावर सुरेंद्रनाथ टागोर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ यांनी सनदी नोकरीची बरीच वर्षे मुंबई इलाख्यात काढली होती. सुरेंद्रनाथांच्या आग्रहावरून करमरकर कलकत्त्यास गेले व तेथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा थाटली. व्यक्तिशिल्पकार म्हणून त्यांचे नाव प्रथम बंगालमध्ये झाले. १९२० मध्ये ते इंग्लंडला गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी अभ्यास केला आणि युरोपातील इतर देशांतील शिल्पकला पाहिली. शिल्प कल्पिणे व मातीत उभारणे हे मुंबईतही शिकता येत होते. मोठे शिल्प धातूत उतरविण्याची विद्या मात्र त्या वेळी युरोपातच पाहावयास मिळे आणि या प्रवासाचे मोल मुख्यतः त्यात होते. १९२३ मध्ये ते परतले व पुढे मुंबईत स्थायिक झाले.

पुण्याचा अश्वारूढ पुतळा

पुण्यात शिवस्मारक व्हावे यासाठी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला. ऑल इंडिया श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी १९१७ मध्ये स्थापन झाली. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी स्मारकाची कोनशिला युवराज प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसविण्यात आली. दोनच दिवस आधी, युवराज मुंबईत उतरले त्या दिवशी, बहिष्कार आंदोलनातून मुंबईत दंगल उसळली होती. या पार्श्वभूमीवर पुण्यातील समारंभ वादातीत राहणे शक्यच नव्हते. पुढे ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. कार्य त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी चालू ठेवले आणि पुतळ्याची जबाबदारी करमरकरांकडे आली.

त्यांच्यापुढील अडचण समजण्यासाठी ओतकामाची रीत ध्यानात घ्यावी लागते. शिल्पकार प्रथम लोखंडी व लाकडी सांगाड्यावर ओल्या मातीत आकृती घडवितो. मातीवर प्लास्टर चढवून तुकड्यातुकड्यांचा साचा घेतात. तो सोडविताना मूळ मातीकाम बहुधा नष्ट होते, म्हणजे कलावंताच्या हाताचे प्रत्यक्ष काम उरतच नाही, उरतो तो त्याचा पोकळ ठसा. या साच्यात प्लास्टर भरून प्रतिकृती काढतात व तिच्यावरून धातूसाठी उष्णता सोसणारा दुसरा साचा तयार करतात. तांबे व कथील यांचा वितळलेला रस आत ओतताना हवा कोंडली, ओल राहिली किंवा रस मध्येच थिजला, तर पोकळ्या व भेगा पडतात. म्हणून मोठे पुतळे सामान्यतः भागाभागांनी ओतून मग जोडले जातात. असा एखादा भाग बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो. एकसंध ओतकामात ती सोय नसते, एक चूक झाली की सगळेच वाया जाते.

भव्य पुतळे विलायतेत घडवून जहाजाने आणण्याचीच तोवरची वहिवाट होती. १८७९ मध्ये मुंबईत बसविलेला आणि 'काळा घोडा' म्हणून ओळखला गेलेला युवराजांचा पुतळा लंडनच्या जोसेफ एडगर बोएम यांचा होता. करमरकरांनी मात्र शिवाजी महाराजांचा पुतळा येथेच, आणि तोही एकसंध, ओतण्याचे ठरविले. हे काम मुंबईच्या माझगाव गोदीत झाले. जहाजांची कामे करणाऱ्या या गोदीचा कलेशी संबंध नव्हता, परंतु एवढा धातू वितळवून हाताळण्याची साधने व त्या कामास सरावलेले कारागीर तेथे होते. पुतळ्याच्या श्रेयात या कामगारांचा वाटा सहसा सांगितला जात नाही. ओतकाम झाले तेव्हा अनावरणास थोडेच दिवस उरले होते. साचा फसला असता तर नवा करण्यास अवधी नव्हता.

ओतकाम साधले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा पुतळा बोरघाटातून रेल्वेने पुण्यास नेण्यात आला आणि कोनशिलेनंतर साडेसहा वर्षांनी, १६ जून १९२८ रोजी, मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. तेव्हा भांबुर्डे म्हटला जाणारा हा परिसर आता शिवाजीनगर म्हणून ओळखला जातो. पुढे स्थापन झालेली श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल याच आवारात आहे. महाराष्ट्रात गावोगावच्या चौकांत, लातूर-नांदेडकडेही, शिवाजी महाराजांचे पुतळे पुढे उभे राहिले. त्यांतील अश्वारूढ पुतळ्यांची तुलना जाणकार आजही पुण्याच्या या पुतळ्याशी करतात.

इतर शिल्पे

करमरकरांनी लोकमान्य टिळक, रवींद्रनाथ टागोर आदींची व्यक्तिशिल्पे घडविली. त्यांच्या भावशिल्पांपैकी 'शंखध्वनी' विशेष नावाजले गेले. स्मारकशिल्पांत औपचारिकता अटळ असते. त्यांचा खरा जिव्हाळा दिसतो तो सासवण्याची माणसे व जनावरे यांच्या शिल्पांत. तेथील अंगणातील सिमेंटची म्हैस पाहून खऱ्या म्हशीचा भास होतो. सिमेंट हे त्या काळी शिल्पकाराचे प्रतिष्ठित माध्यम नव्हते. ते स्वस्त होते, साच्यात सहज भरता येई आणि कोकणच्या पावसात प्लास्टरपेक्षा टिके. मोडलेला कान वा शिंग जुन्या साच्यावरून पुन्हा करून बसविणेही त्यात शक्य होते. हल्ली हेच काम रबरी साचे व रेझिन वापरून केले जाते. खेळण्यातल्या बाहुल्यांचे तुटलेले हात-पाय नव्याने ओतणारे हौशी कारागीरही हेच तत्त्व वापरतात.

सन्मान व अखेरचा काळ

भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. ललित कला अकादमीनेही त्यांना फेलो म्हणून निवडले. त्यांच्या निधनानंतर कुटुंबीयांनी सासवण्याच्या घरातील शिल्पे जतन केली. सुमारे दीडशे शिल्पांच्या या संग्रहात ब्राँझ व संगमरवराबरोबर प्लास्टरच्या प्रतिकृतीही आहेत. मूळ मातीकाम साच्याबरोबरच गेल्यामुळे त्यांच्या बोटांच्या खुणांच्या सर्वांत जवळ जाणारा पुरावा म्हणजे या प्रतिकृतीच होत.